वारा पडतो तेव्हा

मराठीत पाऊस पडतो, थंडी पडते, दव पडतं, ऊनही पडतं. पडतं म्हणजे येतं. वारा मात्र पडला की गेलेला असतो. यायचा असतो तेव्हा तो सुटतो, दाव्याला हिसका देऊन सुटलेल्या गुरासारखा. नवी मुंबईतल्या आमच्या दिघ्यात मे महिन्याच्या दुपारी कधी कधी वारा असा पडतो, की स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं तर कपाळावरचा घामाचा थेंब भुवईपर्यंत ओघळतो आणि तिथंच बसून राहतो. सुकत नाही. आमच्या मजल्यावरच्या आगरी आजी अशा वेळी गॅलरीत पदरानं वारा घेत दोनच शब्द बोलतात, "वारा परलाय." मग दोरीवरचे कपडे चाचपतात. सकाळी वाळत घातलेल्या टॉवेलची किनार अजून ओली असते.

बरीच वर्षं मला वाटायचं, वारा पडणं ही तासा-दोन तासांची गोष्ट. दुपारी पडला, संध्याकाळी सुटला, झालं. तो वर्षानुवर्षांच्या हिशेबातही पडू शकतो आणि तसा खरोखर पडला होता, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पृथ्वीवर जमिनीलगत वाहणारा वारा गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मंद होत गेला. अमेरिकेत, युरोपात, चीनमध्ये, ऑस्ट्रेलियात आणि भारतातही. एखाद्या वर्षी नव्हे, दशकामागून दशक. आणि याचा पक्का सुगावा ज्याच्यामुळे लागला, ते होतं पाण्यानं भरलेलं एक पसरट भांडं.

ते भांडं समजून घ्यायला दिघ्यासारखी जागा नाही. आमच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकचा डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ठाणे-बेलापूर रस्ता, एमआयडीसी, रेल्वे आणि दाटीवाटीनं उभ्या इमारती. खाडीपलीकडे मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची मिठागरं. आगरी हे नाव आगरावरून, मिठाच्या आगरावरून आलं असं मानतात. मीठ पिकवायचं म्हणजे उधाणाचं पाणी बांध घालून उथळ वाफ्यांत अडवायचं आणि पुढचं काम ऊन-वाऱ्यावर सोपवायचं. ऊन पाण्याला उष्णता देतं, पाण्याची वाफ होते. पण वारा नसेल तर ती वाफ पाण्याच्या अंगाला चिकटून राहते. लगतचा हवेचा थर ओलाव्यानं भरून जातो आणि आटणं रेंगाळतं. वारा तो ओला थर उचलून नेतो, कोरडी हवा आणून ठेवतो, आणि पाणी पुन्हा आटू लागतं. कपाळावरचा घाम, दोरीवरचा टॉवेल आणि मिठागरातलं खारं पाणी, तिघांचं शास्त्र एकच.

हवामान खात्याच्या शेतीविषयक वेधशाळांमध्ये एक गोल भांडं ठेवलेलं असतं, साधारण १२० सेंटिमीटर व्यासाचं, २५ सेंटिमीटर खोल, लाकडी चौकटीवर बसवलेलं. पक्ष्यांनी पाणी पिऊन हिशेब बिघडवू नये म्हणून आपल्याकडे त्यावर जाळी असते. सकाळी साडेआठला निरीक्षक येतो, पाणी खुणेपासून किती खाली गेलंय ते पाहतो आणि मापानं पाणी ओतून ते परत खुणेवर आणतो. ओतलेलं पाणी म्हणजे कालच्या दिवसात आटलेलं पाणी. हे काम जगभरात असंख्य माणसांनी रोज सकाळी केलं. दोन मिलिमीटर, पाच मिलिमीटर, आठ मिलिमीटर, असे आकडे वहीत उतरत गेले. लिहिणाऱ्यांना कल्पनाही नसेल की आपण पृथ्वीच्या श्वासाची नोंद ठेवतोय.

जग तापत चाललं तसं या भांड्यांतलं पाणी जास्त आटायला हवं होतं. घडलं उलटंच. १९९५ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा लेख आला: अमेरिका आणि जुन्या सोव्हिएत संघातल्या भांड्यांत पाणी पूर्वीपेक्षा कमी आटतंय. १९९७ मध्ये भारतीय हवामान खात्याचे एन. चट्टोपाध्याय आणि इंग्लंडचे माइक ह्यूम यांनी भारताच्या नोंदी तपासल्या, तर इथंही तेच. त्यांनी बोट दाखवलं ते मुख्यतः वाढलेल्या दमटपणाकडे. पुढे ऑस्ट्रेलियाच्या मायकेल रॉडरिक आणि ग्रॅहम फार्कर यांनी २००२ मध्ये म्हटलं, ढगांमुळे आणि धुरकट कणांमुळे जमिनीवर पोचणारं ऊन कमी झालंय. तेही बऱ्याच ठिकाणी खरं होतं. पण खुद्द ऑस्ट्रेलियाचं गणित उन्हानं सुटेना. २००७ मध्ये रॉडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक कारण वेगळं काढून पाहिलं आणि हाती उरला तो वारा. भांड्यावरून वाहणारा वारा मंद झाला होता. या घटनेला त्यांनी नाव दिलं 'स्टिलिंग', म्हणजे निवांत होत जाणं. आमच्या आजींच्या भाषेत, परणं.

यातली गंमत अशी, की वारा मोजणारी यंत्रंही तितकीच वर्षं फिरत होती. आयर्लंडच्या आर्मा वेधशाळेतल्या रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये वाट्यांचं वारामापक बनवलं. आडव्या दांड्यांना जडवलेल्या अर्धगोल वाट्या, वारा लागला की गरगर फिरणाऱ्या. आजही मूळ कल्पना तीच आहे. पण वाऱ्याचे आकडे कुणी फारसे मनावर घेत नव्हतं. वारा तासातासाला बदलतो, शेजारी झाड वाढलं तरी बदलतो. यंत्राचं बेअरिंग झिजलं की वाट्या जड फिरतात आणि वारा आहे त्याहून कमी दिसतो. मग ही मंदी वाऱ्याची की बेअरिंगची? शंका रास्त होती. म्हणून पाण्याच्या भांड्याची साक्ष मोलाची ठरली. त्याला ना बेअरिंग, ना वाट्या. दोन वेगळे साक्षीदार, एकमेकांना न विचारता, एकच हकिगत सांगत होते.

ऑस्ट्रेलियाचेच टिम मॅकव्हिकर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जगभरातले १४८ अभ्यास एकत्र ठेवले. सरासरी निघाली: वाऱ्याचा वेग दरवर्षी सेकंदाला ०.०१४ मीटरनं घटतोय. दीड सेंटिमीटरसुद्धा नाही! हे कुणाच्या गालाला कळणार? पण पन्नास वर्षं धरा. सेकंदाला ०.७ मीटर होतात. सेकंदाला तीन-साडेतीन मीटर हा जमिनीवरच्या वाऱ्याचा सर्वसाधारण वेग, रमतगमत सायकल चालवणाऱ्या माणसाएवढा. त्यातले ०.७ गेले. मी कागदावर मांडून पाहिलं: एका जागेवरून दिवसभरात जितक्या लांबीची हवा सरकून जाते, तिच्यात रोज साठ किलोमीटरची तूट. ठाण्याहून कर्जत लोकल पकडून भिवपुरीला उतरावं, एवढी हवा रोज आलीच नाही.

भारतातलं चित्रही असंच होतं. हवामान खात्याच्या ए. के. जसवाल आणि ए. एल. कोप्पर यांनी १९६१ ते २००८ या काळातल्या देशभरच्या नोंदी तपासून खात्याच्याच 'मौसम' या नियतकालिकात २०१३ मध्ये मांडल्या. देशाचा सरासरी वारा स्पष्टपणे घटलेला दिसला.

पण वारा मंद करतं कोण?

खळ्यावर धान्य उपणताना शेतकरी वावडीवर उभा राहतो. वावडी म्हणजे तीन पायांची उंच तिवई. मराठीत पतंगालाही वावडी म्हणतात, आणि मला हा शब्दांचा योगायोग वाटत नाही. दोघींचं काम एकच: जरा वर जाऊन वारा गाठायचा. जमिनीला टेकलेली हवा जवळजवळ थांबलेली असते. तिच्यावरचा थर तिच्यावरून घसरतो, त्याच्यावरचा त्याच्यावरून. वर जावं तसा वेग वाढतो, आधी झपाट्यानं, मग हळूहळू. हा वाढीचा वेग खालच्या जमिनीच्या खडबडीतपणावर ठरतो. शांत पाण्यावर माणसाच्या उंचीला साधारण जो वारा लागतो, तो दहा मीटर उंचीवरच्या वाऱ्याच्या ८५ टक्के असतो. गवताळ माळावर ७० टक्क्यांच्या आसपास. शहरात तर रस्त्यावर जे लागतं ते वाऱ्याचं उष्टंच. संक्रांतीला आमच्या गल्लीत पोरांचा पतंग जमिनीवरून उठत नाही. गच्चीवरून सोडला की चौथ्या ढिलीला ओढ घेतो. त्या वीस-पंचवीस मीटरमध्ये वारा दुसराच असतो.

म्हणजे जमिनीवर आपण जे जे उभं करतो, ते वाऱ्याला खालून धरून ठेवतं. दिघ्याचंच बघा. उन्हाळ्याच्या दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात ते आमच्यापर्यंत सरळ येत नाहीत. आधी त्यांना अख्खी मुंबई ओलांडावी लागते, पश्चिम उपनगरांचे टॉवर, मग राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि झाडी. मग मिठागरं आणि खाडीचं सपाट पाणी लागतं. तिथं वारा पुन्हा अंग सैल करतो, तोच काठावरच्या तिवरांत शिरतो आणि पुढे आमच्या भिंतींवर आदळतो. १९६०च्या दशकात औद्योगिक पट्टा उभा राहण्यापूर्वी या काठावर खाजण, भातखाचरं आणि बैठी घरं होती. समुद्रावर तितकाच वारा सुटला, तरी तेव्हाच्या दिघ्यातल्या माणसाला आणि आजच्या दिघ्यातल्या माणसाला तो सारखा लागणार नाही.

फ्रान्सचे रॉबर्ट व्होटार आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नेमका हाच धागा जगाच्या पातळीवर पकडला. उत्तर गोलार्धातल्या ८२२ केंद्रांवर १९७९ ते २००८ या काळात वारा ५ ते १५ टक्के घटलेला होता. मग त्यांनी वर पाहिलं. हवामानाचे फुगे आकाशात सोडून जो वारा मोजतात, त्यात अशी घट नव्हती. हवेच्या दाबांतल्या फरकांवरून जो वारा असायला हवा, त्यातही नव्हती. नदी वर नेहमीसारखीच वाहत होती, तळाशी मात्र संथ झाली होती. म्हणजे तळ खडबडीत झाला होता! झाडी वाढल्यानं, ओस पडलेल्या शेतांवर रान माजल्यानं, ही घट २५ ते ६० टक्क्यांपर्यंत समजावता येते असा त्यांचा हिशेब. जंगल वाढलं की वारा दबतो, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते. लाखो झाडांनी एकेक फांदी आडवी धरून पृथ्वीचा वारा थोपवावा!

आपल्याकडे मात्र गोष्ट एवढ्यावर थांबत नाही, कारण आपला वारा झाडांच्या आणि इमारतींच्या कितीतरी आधी, हजारो किलोमीटरवर ठरतो. जूनमध्ये पारसिकवर आदळणारा वारा विषुववृत्तापलीकडून निघालेला असतो. दक्षिण हिंदी महासागरावरून तो आफ्रिकेकडे जातो, केनियाच्या डोंगरांना घासून उत्तरेला वळतो, सोमालियाचा किनारा सोडतो आणि अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे झेपावतो. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर त्याचा मुख्य झोत असतो. भारतीय द्वीपकल्पावर जुलैत असा झोत वाहतो हे पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन या आपल्याच हवामानशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखवलं. तीन वर्षांनी ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी त्याचा आफ्रिकेकडचा उगम उलगडला. दिघ्यात पहिल्या पावसाच्या आधी दारं धाडधाड आपटू लागतात ना, त्या हवेनं विषुववृत्त ओलांडलेलं असतं. मी हे आजींना सांगितलं. त्या क्षणभर खाडीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "येवऱ्या लांबून?"

हा झोतही क्षीण होत आला. जोसेफ यांनीच अनु सायमन यांच्यासोबत २००५ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं, की १९५० पासून द्वीपकल्पावरचा मोसमी प्रवाह कमजोर होत चाललाय. इथं इमारतींना दोष देता येत नाही, दीड किलोमीटरवर त्यांचा हात पोचत नाही. दोष शोधायचा तो समुद्रात. वारा वाहतो कारण एक जागा तापते आणि दुसरी तेवढी तापत नाही. उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्र मागे राहतो, त्या फरकानं समुद्रावरची हवा जमिनीकडे ओढली जाते. आता समुद्रच तापू लागला तर फरक उरणार किती? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी २०१४ आणि २०१५ मध्ये दाखवलं, की पश्चिम हिंदी महासागर शंभरेक वर्षांत उन्हाळ्यात १.२ अंश सेल्सियसपर्यंत तापलाय. जमीन आणि समुद्र यांच्यातली ओढ त्यामुळे सैल पडली. अंश-सव्वा अंश म्हणजे पाण्यात बोट घालून कळणारही नाही. पण समुद्र केवढा, आणि त्या ओढीवर चालणारा वारा केवढा!

सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीच्या, वनकुसवड्याच्या पठारावर उभं राहिलं की हे अंगावर येतं. पवनचक्क्यांची पाती पावसाळी धुक्यातून फिरताना दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात, घूं... घूं... अशी. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग दहा टक्के घटला तर ऊर्जा दहा टक्के नव्हे, २७ टक्के जाते. म्हणून सेकंदाला काही सेंटिमीटर या हिशेबाला तिथं पैशांचं वजन येतं. मेंग गाओ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडलं, की १९८० पासून भारताची पवनऊर्जेची क्षमता घटत गेली, आणि त्याचा संबंध तापणाऱ्या हिंदी महासागराशी आहे. आपल्या वर्षभराच्या पवनविजेचा मोठा वाटा पावसाळ्यातल्या वाऱ्यावरच पिकतो.

आणि मग, २०१० च्या सुमारास, वारा वळला.

झेनझोंग झेंग आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जगभरच्या केंद्रांच्या नोंदी पुन्हा मांडल्या. घट २०१० पर्यंत होती. त्यानंतर वारा वाढू लागला होता, ताशी ११ किलोमीटरच्या जरा वर होता तो काही वर्षांतच १२ च्या जवळ आला. यातलं कोडं माझ्या मते सगळ्या कथेतलं सर्वांत सुंदर आहे. झाडं आणि इमारतीच वारा थोपवत असतील, तर २०१० नंतर काय झालं? जगातली शहरं कुणी पाडली नाहीत. दिघ्यात तर मजल्यांवर मजले चढतच होते. खडबडीतपणा वाढत असताना वारा वाढला, म्हणजे मोठा कारभारी दुसराच कुणी आहे. झेंग यांचं उत्तर: महासागर. अटलांटिक, पॅसिफिक यांच्या पाण्याचं तापमान दशकादशकांच्या लयीत वरखाली होतं, त्याबरोबर हवेच्या दाबांची मांडणी सरकते आणि खंडांवरचा वारा बदलतो. खुल्या समुद्रांवर तर उपग्रहांनी १९८५ ते २००८ या काळात, म्हणजे जमिनीवर वारा पडत असतानाच, तो वाढताना टिपला होता.

म्हणून मला असं वाटतं, की दिघ्यात आपल्या गालाला लागणारी झुळूक ही दोघांची मिळून असते. किती वारा पाठवायचा हे समुद्र ठरवतो, दशकांच्या सावकाश हिशेबात. त्यातला किती खिडकीपर्यंत पोचू द्यायचा हे आपण ठरवतो, भिंती कुठं आणि किती जवळ बांधतो त्यावर. पहिल्यापुढे आपलं काही चालत नाही. दुसरं मात्र सर्वस्वी आपल्या हातात आहे, आणि खाडीकाठच्या इमारतींचे नकाशे करताना ते कुणाच्या मनातही येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वारा पडण्याची किंमत आपण एका हिवाळ्यात मोजली. २०२२-२३ मध्ये मुंबई परिसराची हवा आठवडेच्या आठवडे अशी गढूळ होती, की खाडीपलीकडचं मुलुंड दुपारीही दिसेना. धूळ, बांधकामं, धुरांडी, वाहनं होतीच. पण ती घाण रोज संध्याकाळ-सकाळ धुऊन नेणारा वारा ढिला पडला होता. 'सफर' ही हवेच्या गुणवत्तेची यंत्रणा उभी करणारे गुफरान बेग यांनी त्याचा संबंध पॅसिफिकमध्ये सलग तीन वर्षं ठाण मांडून बसलेल्या ला निनाशी जोडला. पेरूच्या किनाऱ्यासमोरचं पाणी गार, आणि इकडे नवी मुंबईत खोकला.

मार्चपासून मी एक खेळ लावलाय. दोन सारख्या पराती घेतल्या, दोन्हींत तळापासून चार सेंटिमीटर पाणी. एक इमारतीच्या गच्चीवर टाकीच्या सावलीत, दुसरी तळमजल्यावर मागच्या डक्टपाशी, तीही सावलीत. दोन्हींवर आजींनी भाताची एकेक जुनी चाळण पालथी घालायला दिली, कावळ्यांसाठी. रोज साडेआठला शाळेची फूटपट्टी बुडवून पाहतो. गच्चीवरचं पाणी जास्त आटतं, जवळजवळ रोजच. एका मंगळवारी मात्र दोन्हीकडे पाणी पट्टीच्या एकाच रेघेला टेकलं होतं. मी गच्चीवरूनच खाली हाक मारून ते सांगितलं. गॅलरीत टॉवेल झटकणाऱ्या आजींनी मान वर केली. त्यांना पट्टीची गरज नव्हती.

"कालधरनं परलाय," त्या म्हणाल्या.